लिटरली म्हणजे किती मिलिमीटर?

“मी लिटरली मेले गं काल!”

सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं. बोलणारी ठणठणीत असते. आदल्या दिवशी ऑफिसात काम जास्त होतं, एवढंच झालेलं असतं. शेजारची मैत्रीण मान डोलावते आणि सांगते, “माझं तर डोकं लिटरली फुटलं.” अंबरनाथ येईपर्यंत एक मेलेली असते, दुसरीचं डोकं फुटलेलं असतं आणि तिसरी ‘लिटरली’ वेडी झालेली असते.

पुरुषांच्या डब्यात वेगळं काही नसतं. तिथं बॉस लिटरली राक्षस असतो, पगार लिटरली शून्य असतो आणि कालची मॅच लिटरली चोरलेली असते.

आता या शब्दाचा अर्थ बघा. लिटरली म्हणजे अक्षरशः. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘अक्षर’. मी सांगतोय त्यात अलंकार नाही, अतिशयोक्ती नाही, अक्षर न अक्षर खरं धरा, अशी ही हमी. जवळजवळ शपथच.

मग मेलेली बाई बोलते कशी?

इथं कुणीतरी म्हणणारच, की भाषा बदलत असते, तुम्ही कशाला छडी घेऊन उभे राहता? मान्य. छडी माझ्या हातात नाही. हा शब्द इंग्रजीतच कधीचा घसरलाय. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या घसरलेल्या अर्थाचा सर्वांत जुना दाखला १७६९ सालचा आहे, फ्रान्सिस ब्रुक या लेखिकेच्या कादंबरीतला. मार्क ट्वेनने तो तसाच वापरलाय. २०११ साली कोशाने नोंद सुधारली आणि ‘नुसता जोर देण्यासाठीही वापरतात’ असं लिहिलं. २०१३ साली ते लोकांच्या लक्षात आलं आणि इंग्लंड-अमेरिकेत एकच ओरड झाली, की इंग्रजी भाषा बुडाली.

लिटरली बुडाली, असंही काहींनी लिहिलं असेल.

आणि ‘व्हेरी’चं काय? तोही मुळात ‘खरा’ या अर्थाचा. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला तेव्हा त्याच्या अंगात सत्य होतं. आज त्यात ‘फार’ एवढंच उरलंय. ‘रिअली’ची तीच गत, ‘ट्रूली’ची तीच. माणसाला जोर द्यायचा असतो तेव्हा तो सत्याचा शब्द उचलतो, वापरून वापरून गुळगुळीत करतो आणि मग दुसरा शोधतो.

आपणही सोवळे नाही. मराठी वर्तमानपत्रात रस्त्याची ‘अक्षरशः चाळण’ होते, प्रवासी ‘अक्षरशः रडकुंडीला’ येतात, सभेला ‘अक्षरशः जनसागर’ लोटतो. ‘भयंकर सुंदर’ म्हणताना भीती कुणालाच वाटत नाही. तेव्हा इंग्रजीने मराठीची वाट लावली वगैरे गळा काढण्यात अर्थ नाही. हा रोग दोन्ही घरांत आहे.

पण चाळण झाली म्हणता तेव्हा खड्डे किती, हे कुणी मोजलं?

मला आक्षेप आहे तो इथं. शब्द झिजतो तेव्हा नुकसान कुणाचं होतं? पुण्या-मुंबईच्या कॅफेत बसून ‘ही कॉफी लिटरली स्वर्ग आहे’ म्हणणाऱ्याचं काही जात नाही. नुकसान होतं आपलं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथं राहणाऱ्यांचं. कारण या तीन गावांत अशा गोष्टी घडतात, की ज्यांना हा शब्द खरोखर लागतो.

२६ जुलै २०१९ आठवा. शुक्रवारची रात्र. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर सोडून वांगणीकडे निघाली आणि पुढे जाऊ शकली नाही. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. पुढे पाणी, मागे पाणी, दोन्ही बाजूंना पाणी. डब्यांत सुमारे १,०५० माणसं. त्यांत म्हातारी होती, लेकुरवाळ्या होत्या, गर्भवती बायकाही होत्या. काळोख, वर पाऊस, आणि खाली उतरावं तर पायाखाली जमीन आहे की नाही ते ठाऊक नाही.

सकाळी आकाशातून चित्रं आली. सगळीकडे मातकट समुद्र आणि त्यात डब्यांची एक रेघ. आधी आसपासचे गावकरी धावले. मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल आलं, हवाई दल आलं. २७ तारखेच्या दुपारपर्यंत सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं आणि कल्याणहून विशेष गाडीने कोल्हापूरकडे रवाना केलं.

गाडी लिटरली पाण्यात होती.

या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. पण हेच वाक्य त्याआधीच्या पावसाळ्यांत आपण किती वेळा पाठवलं होतं? रुळांवर बोटभर पाणी साचलं, की ‘गाडी लिटरली पाण्यात’. घोट्याएवढं साचलं, की ‘बदलापूर लिटरली बुडालं’. त्या रात्री डब्यातून कुणी घरी हेच कळवलं असेल, तर वाचणाऱ्याने कसं ओळखायचं, की आज ते खरं आहे? ‘आज खरंच, देवाशप्पथ, मस्करी नाही’ अशी शेपटं त्याला जोडावी लागतात.

हमी देणाऱ्या शब्दालाच जामीन लागतो, तेव्हा तो शब्द गेलाच म्हणायचा.

लोकलच्या डब्यात लाल साखळी असते. विनाकारण ओढली तर रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. का? कारण रोज कुणीही ओढू लागला, तर ज्या दिवशी खरोखर कुणी गाडीखाली जात असेल त्या दिवशी मोटरमन म्हणेल, ओढली असेल परत कुणीतरी. ‘लिटरली’ ही बोलण्यातली साखळी आहे. ती आपण कल्याणपर्यंत चार वेळा ओढतो.

आणि दंड कुणालाच होत नाही. भोगतो तो, ज्याच्या घरात नदी शिरलेली असते.

याच देशात एक खातं असं आहे, की जिथं जोर देणाऱ्या शब्दालाही माप असतं. हवामान खातं. त्यांच्या भाषेत नुसता ‘हेवी’ पाऊस म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. ‘व्हेरी हेवी’ म्हणजे ११५.६ ते २०४.४. त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. म्हणजे ‘व्हेरी’ हा शब्द तिथं कुणाच्या मनःस्थितीवर ठरत नाही. पर्जन्यमापकात ११५.६ चा आकडा दिसल्याशिवाय तो लिहिता येत नाही. ‘एक्स्ट्रीमली’ला आणखी जवळजवळ ९० मिलिमीटर पडावे लागतात.

व्हेरीची किंमत मिलिमीटरमध्ये! इतका स्वच्छ व्यवहार कुठल्या साहित्यिकाला जमलाय?

मराठीतही एक शब्द असा मापात बसवलाय. अतिवृष्टी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईचा रस्ता या आकड्याजवळून जातो. बांधावर उभं राहून त्याने ‘साहेब, लिटरली सगळं गेलं’ असं म्हटलं, तर पंचनाम्यात ते वाक्य कुठल्या रकान्यात लिहिणार? तिथं गट नंबर लागतो, पिकाचं नाव लागतं, क्षेत्र लागतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर नोंदले गेले. त्या दिवसाबद्दल आजवर जेवढी विशेषणं छापली गेली, ती सगळी एका बाजूला ठेवा आणि ९४४ हा आकडा दुसऱ्या बाजूला. काय लक्षात राहिलं?

आता रेल्वेकडे या. मुंबईच्या लोकलची गर्दी मोजताना रेल्वेला नेहमीचे शब्द पुरेनात. ‘क्रश लोड’ म्हणजे चेंगराचेंगरीची गर्दी, हे होतंच. मग ‘डेन्स क्रश लोड’ झालं. तेही अपुरं पडलं तेव्हा पुढे ‘सुपर’ लागलं. ‘सुपर डेन्स क्रश लोड’. हा प्रवाशांनी रागाने केलेला शब्द नव्हे, रेल्वेच्या कागदांतली ही परिभाषा आहे. अर्थ असा, की एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेत १४ ते १६ माणसं उभी.

जमिनीवर खडूने तेवढा चौकोन काढा. त्यात १४ माणसं उभी करून बघा. नुसतं उभं करून बघा.

जी व्यवस्था गर्दीला इतकं नेमकं नाव देऊ शकते, तिला गर्दी कळत नव्हती असं कसं म्हणता येईल? नाव ठेवलं, माप ठरवलं, कागदावर आणलं आणि वर्षानुवर्षं माणसं त्याच चौकोनात उभी राहिली. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून गेल्या. एक कर्जतकडे निघालेली, म्हणजे आपल्याच वाटेवरची. दुसरी मुंबईकडे येणारी. दारात लटकलेली माणसं खाली पडली. किमान चार जण गेले.

त्या दिवशीच्या बातम्यांत गर्दी ‘प्रचंड’ होती. त्याच्या आदल्या दिवशीही ‘प्रचंड’च होती. दहा वर्षांपूर्वीही ‘प्रचंड’च होती. गर्दी वाढत गेली आणि शब्द होता तिथंच राहिला. ‘प्रचंड गर्दी’ म्हटल्यावर हल्ली कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही. १६ म्हटलं तर जाते.

सुपर आठवला, की बिल्डर आठवायलाच हवा. बदलापूर-अंबरनाथमध्ये ज्यांनी घर घेतलं त्यांनी ‘सुपर बिल्ट-अप’ हा शब्द कर्ज काढून शिकलाय. जिना, लिफ्ट, गच्ची, वॉचमनची खोली, सगळं त्यात. कागदावर घर मोठं, आत गेलं की कपाट कुठं ठेवायचं हा प्रश्न. वर जाहिरात: ‘स्टेशनपासून लिटरली पाच मिनिटं’. कुणाची पाच मिनिटं? सकाळी सहाला रिक्षाने की संध्याकाळी सातला पायी? पावसाळ्यात की उन्हाळ्यात?

या सुपरला वठणीवर कुणी आणलं? दुसऱ्या मोठ्या शब्दाने नाही. एका व्याख्येने. २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पुरता लागू झाला, महारेरा आलं आणि घर विकायचं तर चटई क्षेत्र सांगा, म्हणजे आत भिंतींमध्ये वापरायला किती मिळतं ते सांगा, असा नियम झाला. त्याच कायद्याचं १२ वं कलम म्हणतं, की जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागेल.

म्हणजे ‘लिटरली पाच मिनिटं’ हे वाक्य आता महाग पडू शकतं. पण कधी? जाहिरात जपून ठेवली असेल तर. आपण जाहिरात रद्दीत घालतो आणि सोसायटीच्या गटावर ‘बिल्डरने लिटरली लुटलं’ असं लिहून मोकळे होतो.

बिल्डरला हेच तर हवं असतं. रागाचं उत्तर त्याला द्यावं लागत नाही, कागदाचं द्यावं लागतं.

उल्हासनगरचा उल्लेख ‘लिटरली’च्या गोष्टीत न करून कसं चालेल? ती जुनी दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. मालावर ‘मेड इन यूएसए’ आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. लोक अजून हसतात. मला त्यात हसण्यापेक्षा शिकण्यासारखं जास्त दिसतं. कारण तिथं ‘अक्षरशः खरं’ आणि ‘खरं’ यांची फारकत झालेली आहे. अक्षरं बरोबर, समजूत चूक. अक्षर खरं असलं म्हणून माणूस खरं बोलला असं होत नाही, हे या एका लेबलात आहे.

आणि त्याच गावाबद्दलचं अक्षरशः खरं काय आहे, ते कुणी सांगत नाही. फाळणीत सिंध सुटलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आणून ठेवली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्त्यात आजही कॅम्प एक, कॅम्प दोन, कॅम्प पाच असंच लिहितात. माणसं बराकीतून दुकानात गेली, दुकानातून कारखान्यात गेली आणि शहर उभं राहिलं. पत्त्यातला ‘कॅम्प’ हा शब्द लिटरली खरा आहे. तो मात्र कुणाच्या विनोदात येत नाही.

जाता जाता, सिंधीतही जोर द्यायला छान शब्द आहे. डाढो. ‘डाढो सुठो’ म्हणजे फार चांगलं. कॅम्पातल्या जुन्या माणसांच्या तोंडी तो ऐकावा. नव्या पोरांच्या तोंडी तिथंही ‘लिटरली’च.

आता जरा आपल्या घरात काय पडलंय ते बघू. जोर द्यायचा तर मराठीइतकी श्रीमंती मला तरी दुसरीकडे दिसत नाही. इंग्रजीत एक ‘व्हेरी’ घ्यायचा आणि दिसेल त्या शब्दाला लावायचा. मराठीत तसं चालत नाही. काळा असेल तर काळाकुट्ट किंवा काळाभोर. पांढरा असेल तर पांढराशुभ्र. पिवळाधमक, हिरवागार, लालभडक, निळाशार. पिवळाकुट्ट म्हणून बघा, पहिलीतलं पोरही हसेल. प्रत्येक गुणाला स्वतःचा जोर आहे आणि तो दुसऱ्याला देता येत नाही.

त्यातही काय बारकावा! केस काळेभोर, काळोख काळाकुट्ट. जोर तेवढाच, पण एकात कौतुक आणि दुसऱ्यात धास्ती. रागाने चेहरा लालबुंद होतो, साडी लालभडक असते. अदलाबदल करा, दोन्ही बिघडतात.

चवीला तर हिशेबच नाही. कडूजहर, आंबटढाण, गोडमिट्ट, तिखटजाळ. भिजला तर ओलाचिंब, वाळला तर कोरडाठाक. वस्तू नवीकोरी. माणूस ठार बहिरा. काळोख मिट्ट. आमटी तिखटजाळ म्हटलं, की वाचणाऱ्याच्या जिभेवर काहीतरी होतं. ‘आमटी लिटरली तिखट होती’ यात काय होतं? तिखट होती, एवढंच कळतं. ते तर आमटी म्हटल्यावरच ठाऊक होतं.

आणि हे शब्द काही कोशात झोपलेले नाहीत. अंबरनाथच्या मंडईत भाजी घेणारी आजी ते दिवसभर वापरते. ‘मेथी हिरवीगार आहे बघ’ म्हणताना तिला वेगळा विचार करावा लागत नाही. तिच्या नातीला ते शब्द कळतात, ती वापरत नाही, एवढंच. कारण हिरवागार म्हणायला आधी मेथीकडे बघावं लागतं. लिटरली म्हणायला बघावं लागत नाही.

वालधुनीकडे बघा. काकोळ्याच्या डोंगराकडून निघालेली ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते, पुढे उल्हासनगरात शिरते आणि पुढे कल्याणकडे जाते. तिच्या पाण्याला ‘लिटरली काळं’ म्हणणं हे तिला न बघता बोलणं आहे. कधी काळंकुट्ट, कधी लालसर, कधी वर पांढरा फेस. कुठल्या दिवशी, कुठल्या पुलाखाली कुठला रंग होता, हे ज्याने लिहून ठेवलं त्याच्या हातात पुरावा आहे.

२०१४ च्या नोव्हेंबरअखेर याच नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं. उल्हासनगरच्या वस्त्यांमधल्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना, त्यांना रुग्णालय गाठावं लागलं. ‘वासाने जीव गुदमरतो’ हे वाक्य त्याआधी किती अर्जांत लिहिलं गेलं असेल? त्या रात्री ते अक्षरशः खरं ठरलं. पण अर्ज वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते नेहमीचंच वाक्य होतं.

सरकारी कागदाची कथा तर आणखी बोलकी. पूर्वी ‘तातडीचे’ असा शेरा पुरायचा. मग सगळंच तातडीचं झालं. मग ‘अत्यंत तातडीचे’ आलं. मग ‘तात्काळ’. मग ‘अतितात्काळ’. तात्काळ म्हणजे त्याच क्षणी. त्या क्षणाच्याही आधी करायचं काम कुठलं असतं? तरी अतितात्काळ लिहिलेली पत्रं टेबलावर पडून असतात.

टेबलावरचा माणूस दुष्ट असतोच असं नाही. त्याच्यासमोर दहा अतितात्काळ असतील, तर त्याने काय करावं?

आणि मग एखादा दिवस असा येतो, की तेव्हा शब्दच उरलेला नसतो. २० ऑगस्ट २०२४. शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाले आणि तक्रार नोंदवायलाही उशीर लागला, म्हणून बदलापूरचे लोक सकाळी स्थानकात शिरले आणि रुळांवर बसले. संध्याकाळपर्यंत गाड्या बंद होत्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि दिरंगाईबद्दल पोलिसांना आणि शाळेला खडे बोल सुनावले.

त्या दिवशी वाहिन्यांच्या पडद्यावर जे शब्द होते, ‘हादरवणारं’, ‘धक्कादायक’, ‘संतापजनक’, ते आदल्या आठवड्यात कशाकशाला लागून गेले होते, आठवतंय? सासू-सुनेच्या मालिकेतल्या वळणाला ‘धक्कादायक’. एका नटीच्या कपड्यांवर ‘हादरवणारं’. मग चार वर्षांच्या मुलीच्या आईने कुठला शब्द वापरावा? तिच्यासाठी आपण काय शिल्लक ठेवलं होतं?

मला या सगळ्यात राग येतो तो इथं. इंग्रजी शब्दाचा नव्हे. उधळपट्टीचा.

वालधुनीच्या काठावरचं ते शिवमंदिर बघायला गेलात, तर त्याच्या शिलालेखाबद्दल जरूर विचारा. ते बांधणाऱ्या शिलाहार राजांना बिरुदांची कमी नव्हती. त्यांच्या लेखांत महामंडलेश्वरापासून सुरू होऊन बिरुदांची लांबच लांब रांग लागते. अभ्यासक ती वाचतात, पण अडचणीत कामाला येतो तो एक आकडा: शक ९८२. म्हणजे इसवी सन १०६०. तेवढ्यावरून मंदिराचा काळ ठरला. बिरुदं एका राजाची दुसऱ्याला बसतात. शक बसत नाही.

साडेनऊशे वर्षांपूर्वी छिन्नीने एकेक अक्षर खोदणाऱ्याला आकडा लिहायचं सुचलं. आपल्याला बोटाखाली आख्खा कीबोर्ड असून ‘लिटरली’ सुचतो.

कॉलेजातल्या पोरांनी हे वाचून ‘काका-काकू लोकांचं लेक्चर’ म्हणू नये. मैत्रिणीशी बोलताना खुशाल मरा, डोकं फोडून घ्या, वेडे व्हा. गप्पांना हिशेब लावायचा नसतो. पण रेल्वेच्या तक्रारीत, नगरपालिकेच्या अर्जात, प्रदूषण मंडळाच्या पत्रात, पोलिसांच्या जबाबात आणि पुराच्या रात्रीच्या निरोपात हा शब्द आला, तर तो तुमचंच म्हणणं हलकं करतो. समोरचा माणूस जोरावर विश्वास ठेवत नाही. तपशिलावर ठेवतो, कारण तपशील तपासता येतो.

‘गाडी लिटरली रोज लेट’ असं लिहू नका. कुठली गाडी, कुठल्या तारखेला, किती मिनिटं, ते लिहा. सात दिवसांची यादी करा. ‘पाणी लिटरली येतच नाही’ ऐवजी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, किती हंडे भरले, ते लिहा. ‘नदीला भयंकर वास’ ऐवजी पूल, तारीख, वेळ आणि रंग. हे कंटाळवाणं आहे, ठाऊक आहे. अर्ज वाचणाऱ्यालाही ते कंटाळवाणं वाटतं आणि तरीही ते फेटाळणं त्याला सर्वांत जड जातं.

आणि पुढच्या जुलैत उल्हास पुन्हा चढेल, तेव्हा गटावर निरोप टाकताना एवढं करा. सोसायटीचं नाव, वेळ आणि पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलंय ते लिहा. फोटो काढाल त्यात ती पायरी दिसू द्या.